दोघांचं बुकिंग

ड्रिमेन गाव, शनिवार संध्याकाळ
(घड्याळात संध्याकाळ. बाहेर मे महिना असल्यामुळे अजून लख्ख ऊन आहे.)

तीर्थरूप लॅकलनदादास,

धाकटा भाऊ रॅनल्ड याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द मी दर पत्रात सवयीने लिहितो. आज तो शब्दशः खरा आहे, कारण पाठ धरल्यामुळे मी जमिनीवर पालथा पडून हे लिहितो आहे आणि माझी आठही अंगं सतरंजीला टेकलेली आहेत. (डाव्या टाचेला नववं अंग धरलं तर तेवढं एक टेकत नाही. त्याबद्दल पुढे येईल.) तुझ्या कंबरेचं कसं काय? डॉक्टर नवं हाड बसवणार होता, ते बसवलं, की अजून तो तुला आणि तू त्याला टाळतो आहेस? शेजारच्या बाईंशी कुंपणावरून चाललेलं भांडण मिटलं का? मिटलं नसेल तर बरंच आहे. वहिनी गेल्यापासून तुझ्याशी मोठ्या आवाजात बोलणारं दुसरं कोण उरलं आहे? इकडील सर्व कुशल, असं पुढे लिहायची रीत आहे. जानेवारीपासून मी ते वाक्य गाळतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘अरे, तुला बसथांब्यापर्यंत चालवत नाही, आणि तू मलगायपासून माझ्या दारापर्यंत, फोर्ट विल्यमपर्यंत, जवळजवळ शंभर मैल चालत येणार? डोंगर बघितलेस का मधले?’ मी तेव्हा ‘हवाबदल’ असं काहीतरी पुटपुटलो. तुझं म्हणणं खरं आहे. मी उभा जन्म गुरॉकच्या बोटीवर तिकिटं फाडण्यात घालवला. बोट चालायची, मी उभा असायचो. चालायचं काम माझ्याकडे कधी नव्हतंच. पण झालं असं, की मार्चमध्ये घरचा फोन वाजला. (घरच्या फोनवर हल्ली फक्त विमा विकणारे आणि नेटाची मावशी येतात, म्हणून तो उचलायचं काम माझ्याकडे.) वाटसरूंच्या जड पिशव्या गाडीत घालून पुढच्या मुक्कामी पोचवतात ना, त्या धंद्यातला माणूस बोलत होता. म्हणाला, ‘स्ट्रुअन मॅकफेल ना? मे महिन्यातलं बुकिंग. दोन माणसं, दोन पिशव्या. आहे ना पक्कं?’

दादा, मी सांगायला हवं होतं की माझा मुलगा स्ट्रुअन मॅकफेल जानेवारीत फुटबॉल खेळता खेळता मैदानात खाली बसला, मित्रांना वाटलं दमला असेल, आणि तो परत उठला नाही. एवढं एक वाक्य. तोवर मी ते बँकेला सांगितलं होतं, त्याच्या ऑफिसला सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरालासुद्धा सांगितलं होतं (त्या बाईने तरीही पुढची तारीख दिली). पण त्या दिवशी तोंडातून निघालं, ‘हो, पक्कं.’ तेव्हापासून त्या कंपनीच्या लेखी मी स्ट्रुअन आहे. आज सकाळी मलगायच्या स्टेशनबाहेर पिशव्या न्यायला जो माणूस आला, त्याने कागदावरचं वय पाहिलं, एकतीस. मग माझ्या टकलाकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाला, ‘रात्रपाळी का राव?’

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी नेटालासुद्धा तुकड्यातुकड्यानेच सांगितली आहे. ‘दोन माणसं’ हे शब्द ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक मुलगी होती. आपला स्ट्रुअन मित्रांबरोबर चालायला जाणारा नव्हता. त्याचे मित्र गाडीत बसून फुटबॉलच्या मैदानावर जाणारे. मग दुसरं माणूस कोण? मुलगीच असणार. आणि आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. (मीही आईला नेटाबद्दल साखरपुड्याच्या आठवडाभर आधी सांगितलं होतं. आमच्याकडे ही चाल आहे.) मी त्या मुलीला मनातल्या मनात लाल केस दिले, अबर्डीनकडचं घर दिलं, नर्सची नोकरी दिली. आधी तिच्यावर मी रागावलेलो होतो, कारण मातीला आली नाही. मग आठवून आठवून चर्चमधल्या एकेका तरुण पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, की यातली कोणती रडत होती जरा जास्त? मग वाटलं, तिला कुणी कळवलंच नसेल. तिला कळवणार कोण? आम्हाला तिचं नाव माहीत नाही, तिच्याकडे आमचा नंबर नाही. पण बुकिंगची तारीख तर तिला ठाऊक असणार! ती त्या दिवशी मलगायला येईल, निदान एकदा बघून जायला. मी बुकिंग रद्द केलं नाही ते एवढ्यासाठी. नेटाला मात्र सांगितलं, की घरात बसून तुझी तब्येत बिघडते आहे, चल, चालून येऊ. दुसऱ्या दिवशी ती पावसाळी अंगरखे घेऊन आली, एक तिच्या मापाचा आणि एक माझ्या मापाचा. मला तो बघून आपल्या जुन्या बोटीवरचं ताडपत्रीचं झाकण आठवलं.

तर मलगायला भर बाजारात तो दगडी खांब आहे, तिथून वाट सुरू होते. सगळे तिथे फोटो काढतात. मी उभा राहिलो. नेटा म्हणाली, ‘चल.’ मी म्हटलं, ‘जरा थांब, बुटाची नाडी सैल झाली.’ थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, ‘चल.’ मी म्हटलं, ‘दुसरी.’ तिसऱ्यांदा ती सरळ बाकावर जाऊन बसली आणि पर्समधून गोळी काढून चघळायला लागली. लाल केसांच्या मुली आल्या, दादा. स्कॉटलंडच आहे हे, लाल केसांना तोटा नाही. एकीजवळ मी गेलोसुद्धा. विचारलं, ‘कुणाची वाट बघतेस का, बेटा?’ ती म्हणाली, ‘हो, माझ्या नवऱ्याची. आणि तुम्ही लांब उभे राहिलात तर बरं होईल.’ तिचा नवरा आला तो दारातून वाकून जावं लागेल एवढा. मी लांब उभा राहिलो. तासभर उभा राहून बोटीवरच्या नोकरीची आठवण आली. शेवटी नेटा उठली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, ‘रॅनल्ड, जो यायचा तो आपल्यामागून येईल. वाट एकच आहे.’ शहाणी बाई आहे, पण ती असं का म्हणाली ते अजून कळलेलं नाही.

वाट एकच आहे हे तिचं म्हणणं पहिल्या मैलातच खोटं पडलं. झाडीत शिरल्यावर तीन फाटे फुटले आणि खुणेची पाटी एका झुडपाने खाल्लेली होती. पुढे एक इसम चालला होता. पाठीला पिशवी, हातात काठी, चालण्यात असा काही ठामपणा की बघताच मी म्हटलं, हा फोर्ट विल्यमला जाऊन आलेला माणूस आहे, याच्या मागे गेलं की झालं. आम्ही गेलो. तो वळला, आम्ही वळलो. तो एका गल्लीत शिरला, आम्ही शिरलो. (मला वाटलं, जवळची वाट असेल.) त्याने एक फाटक उघडलं, आणि मी ते त्याच्या मागे सभ्यपणे धरून ठेवलं. तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, ‘काही हवंय का?’ मी म्हटलं, ‘नाही नाही, तुम्ही चला पुढे.’ तो म्हणाला, ‘पुढे माझं स्वयंपाकघर आहे.’ नेटा अंगणातल्या ट्यूलिपकडे बघून म्हणाली, ‘छान फुललेत हो.’ जानेवारीनंतर ती फुलांबद्दल पहिल्यांदा बोलली, म्हणून मी तो मैलभराचा हेलपाटा वाया गेला असं मानत नाही. त्या माणसाने आम्हाला परत वाटेवर आणून सोडलं आणि निरोप घेताना मला म्हणाला, ‘दादा, पुढच्या खेपेला माणसामागे जाऊ नका, पाटीमागे जा.’

दुपारी क्रेगॅलियनच्या तळ्याकाठी एका पडलेल्या झाडावर बसून डबा सोडला. खारवलेल्या मांसाचे सँडविच आणि वर लोणचं. नेटाने कागद उलगडले. एक मला दिला, एक स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि तिसरा उलगडून तशीच बसून राहिली. त्यातलं लोणचं तिने काढून टाकलेलं होतं. स्ट्रुअनला लोणचं चालायचं नाही, तुला माहीत आहे. पहाटे उठून, अर्धवट झोपेत, हाताने सवयीने केलेलं काम. पाण्यावर दोन बदकं होती, ती निघून गेली. मग मागून एक काटकुळा, उंच, डच माणूस आला. योस्ट की काय नाव. आणि नेटाने त्याला हाक मारली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असताना पोरांना घालायची तशी, ‘ए लांबड्या, जेवलास का?’ तो घाबरून थांबला. नेटाने तो तिसरा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, ‘खा. उभ्याने नको, बसून खा.’ त्याने बसून खाल्ला. पोटभर तारीफ केली, आणि उपकाराची फेड म्हणून पुढचा तासभर आमच्याबरोबर चालून स्वतःच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची कथा सांगितली, गुडघा आत कसा दिसतो इथपासून. त्याचं बोलणं संपेना, तेव्हा मी डोळे पुसतो आहे असं त्याला वाटलं आणि तो मला म्हणाला, ‘एवढं वाईट वाटून घेऊ नका, आता गुडघा बरा आहे.’ (वारा होता, दादा. त्या मोकळ्या रानात वारा फार. नेटाला विचार.)

डमगॉइनच्या डोंगराखाली डच माणूस कुंपणावरून टांग टाकून पुढे गेला आणि आम्हाला एका गायीने अडवलं. फाटकात आडवी पसरून रवंथ करत होती. आपल्याकडची केसाळ गाय, डोळ्यांवर झिपऱ्या, आपण तिला दिसतो की नाही तेही कळत नाही. मी काठ्या आपटल्या. (नेटाने मला दोन काठ्या घेऊन दिल्या आहेत. त्यांनी चालणं सोपं होतं म्हणतात. माझ्या बाबतीत दोन पायांत अडखळायचो तो चार पायांत अडखळायला लागलो, एवढाच फरक.) गाय हलली नाही. मी ‘हुश’ म्हटलं, ‘शुक’ म्हटलं, राष्ट्रगीतही म्हणून पाहिलं. मग नेटा पुढे झाली, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाली, ‘ए बाई, जेवून झालं ना? मग ताट उचल आणि बाजूला हो. मागे रांग लागली आहे.’ आणि गाय उठली, दादा! शेपूट झटकून बाजूला झाली. तीस वर्षं शाळेत तीनशे पोरांना वाढलेल्या बाईपुढे गायीची काय टाप. नेटा हसली. खरोखर हसली, दात दिसले. मी मनात म्हटलं, आणली ते बरं केलं हिला.

शेवटच्या चार मैलांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांत फक्त टाच आहे. तुला सांगायचं राहिलं, मी स्ट्रुअनचे बूट घातले आहेत. खास या वाटेसाठी घेतले असावेत, खोक्यात कोरे होते, आत कागदाचे बोळेसुद्धा तसेच. एक माप मोठे पडतात. आत दोन जोड मोजे घातले तरी प्रत्येक पावलाला टाच आधी निघते, मग बूट तिची समजूत घालत मागून येतो. जुन्या रेल्वेच्या सपाट वाटेवर नेटा म्हणाली, ‘काढून टाक ते, माझ्या पिशवीत तुझ्या चपला आहेत.’ मी म्हटलं, ‘नको, सवय होईल.’ ती म्हणाली, ‘टाचेला सवय होत नसते रे, ती फुटते.’ फुटली. गार्टनेसच्या पुलावर आम्ही जरा टेकलो. खाली पाणी धबाधबा पडत होतं. मी मागे वळून वाटेकडे पाहत होतो. एक मुलगी येताना दिसली, केस तपकिरी होते. जवळ आली तशी ती पन्नाशीची निघाली. तेव्हा मी मनाशी कबूल केलं की ती येणार नाही.

ड्रिमेनला आमच्या मुक्कामाचं घर (पत्ता पिशव्यांच्या कागदावर होता) गावाच्या अगदी टोकाला. घरमालकीण सेंगा पिरी म्हणून आहे. पहाडासारखी बाई, एका दमात बोलणारी. आम्ही घंटी वाजवायच्या आत दार उघडून म्हणाली, ‘या, या, बूट बाहेर, काठ्या बाहेर, चिखल बाहेर, माणसं तेवढी आत!’ मग माझ्याकडे नीट पाहिलं, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि म्हणाली, ‘अच्छा! म्हणजे तूच का तो घोरणारा?’

मला वाटलं, नेटाने फोन केला असेल. मी म्हटलं, ‘कोण म्हणतं?’ ती म्हणाली, ‘तुझं पोरगं म्हणतं! फोनवर मला दहा मिनिटं हसवलं त्याने. कुठाय तो? मागे राहिला का? आणि या बाई कोण? बुकिंग तर बापलेकांचं होतं.’

दादा, मी काठ्या सोडायच्या विसरलो होतो, त्या दोन्ही हातांत तशाच. मी विचारलं, ‘बापलेकांचं?’ ती बोलतच सुटली. नोव्हेंबरात फोन आला होता. म्हणाला, माझ्या बाबांची साठी आहे मे महिन्यात, मी त्यांना चालायला आणतो आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ते सहा महिने सबबी शोधत बसतील. आयत्या वेळी गाडीत घालणार आहे. ते घोरतात, तर बाकीच्या पाहुण्यांची दया येऊ द्या आणि आम्हाला कोपऱ्यातली खोली द्या. आणि सकाळचं अंडं कडक करा. पातळ दिसलं तर बोलणार काही नाहीत, पण दिवसभर तोंड पाडून बसतील. ‘मी कोपऱ्यातलीच ठेवलीय,’ सेंगा म्हणाली, ‘दोन वेगळे पलंग. पण तो आहे कुठे?’

नेटा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग मीच सांगितलं ते वाक्य. बँकेला सांगितलं होतं तेच, शब्द न शब्द. सेंगा पिरी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. एवढी मोठी बाई, बसली तेव्हा जिना कुरकुरला. तिने दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळले. मग म्हणाली, ‘मी कशाला बोलले रे. मी कशाला एवढी बोलते.’ मी म्हटलं, ‘नाही बाई. बोललात ते बरं केलंत.’ आणखी काय म्हणालो ते आठवत नाही.

तर दादा, ती लाल केसांची मुलगी म्हणजे मी. साठीचा, टकल्या, घोरणारा. मार्चपासून मी जिच्यावर रागावलो, जिला शोधलं, जिची आज खांबाजवळ तासभर वाट पाहिली, ती रोज सकाळी आरशात माझ्यासमोर दाढी करत होती. विनोद म्हणून वाईट नाही. बोटीवर ऐकला असता तर मी हसलो असतो. तो एकदा शाळेत असताना मला म्हणाला होता, ‘बाबा, तुम्ही रोज समुद्रावर जाता, पण कधी कुठे जातच नाही.’ मी तेव्हा म्हटलं होतं, ‘पगार तर येतो ना.’ त्याला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

सेंगाने आम्हाला जेवू घातलं, जरुरीपेक्षा जास्त. नेटा जेवणावरून लवकर उठली. थकली आहे. तिने वर येऊन माझ्या टाचेला पट्टी बांधली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. झोपली असावी. मी इथे जमिनीवर आहे, पाठीमुळे. पलंग दोन आहेत. खिडकीकडचा त्याने स्वतःसाठी घेतला असता की मला दिला असता, ते ठरवता येत नाही, म्हणून जमीन बरी.

उद्या तळ्याकाठी बालमाहापर्यंत जायचं आहे आणि त्यापुढेही. मधे एक टेकडी आहे म्हणतात. आता मी चालणार, दादा. आता शेवटपर्यंत चालणार. तुझ्या दाराशी येईन तेव्हा चहा टाक, आणि माझ्या पायांकडे बघू नकोस.

तुझा आज्ञाधारक (आईने सांगितलं तसा, शक्य तेवढा) भाऊ,
रॅनल्ड

ता. क. जाड लोकरीचे मोजे दोन जोड असतील तर पाठव. पत्ता कुठला द्यावा कळत नाही, कारण आम्ही रोज दुसरीकडे असू. तेव्हा राहू दे.

ता. क. दुसरं. मोज्यांचं निमित्त झालं. खरं काम हे आहे, की नेटाला हे झेपत नाही. ती कबूल करणार नाही. आज संध्याकाळी तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. मीच तिला उगाच ओढून आणली. तू बुधवारी व्हॅन घेऊन वाटेतल्या टिनड्रम गावी ये. तिथपर्यंत मी तिला कशीबशी आणतो. तिला तुझ्याकडे घेऊन जा. उबेत बसव. पुढचं मी एकटा चालून येतो. ‘सहज इकडून चाललो होतो’ असं म्हण. मी सांगितलं हे कळता कामा नये.

भाऊजी, आता मी लिहिते आहे, नेटा. हे खाली पत्रासाठी टपाल तिकीट मागायला गेले आणि पत्र उघडंच टाकून गेले. मी झोपलेली नव्हते. सगळं वाचलं. गायीचं तेवढं खरं आहे. बाकी माझ्याबद्दल जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. मी थकलेली नाही. आणि मला कुणी ओढून आणलेलं नाही. फोन आला त्या दिवशी यांनी ‘पक्कं’ म्हटलं नसतं तर संध्याकाळी मी फोन करून म्हटलं असतं.

मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. पोराने मला सांगितलं होतं. बुटांचं माप मीच चुकीचं दिलं, ते बूट यांच्यासाठीच घेतलेले आहेत. जानेवारीनंतर मी किती वेळा सांगायला तोंड उघडलं, आणि दर वेळी चहा हवा का म्हणून विचारलं. हे त्या मुलीच्या गोष्टी करायला लागले. तिचे केस कसे, तिचं गाव कुठलं. ती मुलगी काढून घेतली तर यांच्याजवळ काय उरेल, या भीतीने मी गप्प बसले. आज खांबापाशी यांना पोरींकडे बघताना पाहिलं आणि ठरवलं, आता चालता चालता सांगायचं. तळ्यापाशी सांगणार होते, पुलावर सांगणार होते. शेवटी त्या परक्या बाईने सांगितलं. माझ्याच्याने व्हायचं नव्हतं, भाऊजी. म्हणून तर मी यांना इथवर येऊ दिलं, कुणीतरी सांगेल म्हणून.

टिनड्रमला या, पण मला न्यायला नको. व्हॅन तिथेच ठेवा आणि कंबर चालेल तेवढं आमच्याबरोबर चाला. बुधवारी यांची साठी आहे.

पाकीट मीच चिकटवते. यांना खाली जाऊन अर्धा तास झाला. तिकीट केव्हाच मिळालं असणार. मी जिन्यावरून वाकून पाहिलं. हे स्वयंपाकघरात त्या बाईसमोर बसलेत आणि पुन्हा विचारतायत, तो फोनवर नेमकं काय काय म्हणाला. ती सांगते आहे. तिसऱ्यांदा सांगते आहे, आणि दर वेळी थोडं थोडं जास्त सांगते आहे. मी खाली गेले नाही. सांगू दे.